तेरावी प्लेट

गुणवंत नेवारेचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान
आठ दिवस बंद होतं.
शटरवर खडूनं लिहिलेलं : शूटिंग चालू आहे.
बजेट साडेअकरा हजार,
त्यातले चार फोनच्या फुटक्या काचेत गेले.

हडळ झाला झिंगरू भोयर,
खडी गंमतीत जन्मभर नाचलेला, वय एकाहत्तर.
पाय उलटे दिसावेत म्हणून
चपला उलट्या घातल्या त्यानं
आणि पहिल्याच शॉटला सरकीच्या ढिगात तोंडावर पडला.
रक्त म्हणून अंबाडीच्या फुलांचं सरबत.
गूळ घालू नका म्हटलं होतं, घातला.
मुंग्यांनी अर्ध्या तासात हडळीला उड्या मारायला लावलं.

हिरोईन मिळेना.
शेवटी आशा वर्कर वनमाला मेश्राम आली.
म्हणाली, किंकाळी एकदाच मारीन,
सकाळी लसीकरण आहे.
मारली.
नाल्यापलीकडचे कुत्रे
पहाटेपर्यंत तिला उत्तर देत होते.

मी हॅलोजन धरायचो.
चौतीस वर्षं बंद पडलेली जिनिंग,
पत्र्याला भोकं,
कोळ्यांच्या जाळ्यांत अजून रुईचे तंतू,
आणि गुणवंत सांगेल तिकडं माझा उजेड.
भीती नाही वाटली का, विचारतात लोक.
कसली भीती,
रोज रात्री भुताच्या पदराला पिन मीच लावायचो.

भांडण झालं ते पोह्यांवरून.
आम्ही माणसं बारा, बिलात प्लेटा तेरा.
रोज.
"तुमचाच मानूस येते ना बावा," मोतीराम हॉटेलवाला म्हणे,
"टोपीवाला. बोलत काही नाही,
तर्रीसाठी प्लेट तेवढी पुढं करते."
"आमच्यात टोपीवाला कोनीच नाही बे,
तू आम्हाले येडे समजतं का?"
गुणवंतनं रोजचे वीस रुपये कापले.
आमच्या सगळ्या सिनेमात
तेवढाच एक सीन मनापासून झाला होता.

मग ग्रामपंचायतीसमोर शो.
पडदा म्हणजे मंडपवाल्याची चादर,
तिच्यावरचा वरणाचा डाग
नेमका हिरोईनच्या गालावर येत राहिला.
हडळ आली की टाळ्या.
पोरं ओरडत होती, "आबा, पदर! पदर!"

तेवढ्यात बायांमधून भागिरथा खडतकर उठली.
"थांबव. मांगं घे थोडं."
गुणवंतला वाटलं, म्हातारी भ्याली.
"मांगं घे ना बाबू."

हडळीच्या खांद्यामागं, वजनकाट्यापाशी
एक माणूस उभा होता.
झिंगरूकडं बघून हसू दाबत,
शूटिंग बघायला आलेलं कुणीही उभं राहतं तसा.
काटेवाला दमडू खडतकर.
तो प्रेसखाली गेला
त्या साली मी जन्मलोही नव्हतो.
आणि त्या कोपऱ्यात मी उजेड टाकलाच नव्हता.

कुणी पळालं नाही.
पोरं गप झाली, एवढंच.
"टोपी पाय," भागिरथा म्हणाली, "अजून वाकडीच."
गुणवंतनं पुन्हा मागं घेतलं. पुन्हा.
अकरा वेळा.
अकरा वेळा हडळ उलट्या पायांनी
दारातून बाहेर चालत गेली,
झिंगरूला आठ रात्री जे जमलं नाही ते
कुणाचं लक्ष नसताना जमून गेलं.

"बारीक झाले," ती म्हणाली.
आम्हाला नाही, चादरीला.
"खातेत का नाही कोन जाने."

मागच्या रांगेत मोतीराम उभा राहिला.
हातातला गमछा पिळत होता.
"खातेत माय," म्हणाला.
"तर्री दोनदा घेतेत."

मग लाईट गेली.
शेवट कुणी पाहिला नाही,
हडळ कशी मरते ते आजही गावात कुणाला माहीत नाही.
सकाळी दुकान उघडायच्या आधी
गुणवंत हॉटेलात गेला,
एकशेसाठ रुपये काउंटरवर ठेवले.
मोतीरामनं ते न मोजता गल्ल्यात टाकले
आणि कढईखालचा जाळ थोडा वाढवला.